भिकाभाऊ देवरे आणि तळातली ओळ

नाशिकला रविवार कारंजाजवळ एका इमारतीच्या माडीवर 'प्रगती टायपिंग' नावाचा क्लास होता. त्याचे चालक भिका तुळशीराम देवरे. आता माणसाचं नाव भिका आणि शिकवतो कॉम्प्युटर, हे ऐकून पुण्याकडची मंडळी गालातल्या गालात हसायची. हसू द्या. आधीची दोन मुलं दगावली की तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून असलं नाव ठेवायचं, ही आमच्या नांदगावकडची रीत. भिकाभाऊंना त्या नावाची कधी लाज वाटली नाही. क्लासच्या पाटीवर त्यांनी ते पूर्ण लिहिलं होतं, तेही ठसठशीत.

माणूस मोठा चिवट हो. एकोणऐंशी साली चार जुन्या मशीनवर क्लास सुरू केला. पुढं कॉम्प्युटर आले आणि टायपिंग क्लासवाल्यांचे धंदे बसू लागले. कोणी क्लास बंद करून झेरॉक्स टाकलं, कोणी नुसतंच नशिबाला बोल लावत बसलं. भिकाभाऊंनी शहाण्णव साली मशीनं भंगारात न देता गावाकडच्या शाळेला दिली आणि चाळिशीला आलेले असताना स्वतः विद्यार्थी होऊन बाकावर जाऊन बसले. आधी लग्नपत्रिका, मग पुस्तिका लावायला, म्हणजे अक्षरं जुळवून पानं मांडायला, आणि दोन हजार साली एका जाडजूड इंग्रजी पुस्तकावरून एकेक ओळ लावत वेबसाइट करायला शिकले. इंग्रजी त्यांचं बेताचंच. पण टायपिंगवाल्याला एक खोड असते, समोरचं अक्षर जसंच्या तसं उतरवायची. तिच्यावर त्यांनी निभावून नेलं.

पहिली वेबसाइट केली ती समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची. मंडळाचं ऑफिस पंचवटीत. दरवर्षी मेळावा व्हायचा आणि मुलामुलींच्या माहितीची पुस्तिका निघायची. ती पुस्तिका भिकाभाऊच लावायचे, तेव्हा वेबसाइटही ओघानं त्यांच्याकडेच आली. प्रत्येक मुलाचं नि मुलीचं एक पान. तेव्हा मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसायची नाहीत, दिसायचं ते भलतंच. म्हणून भिकाभाऊ प्रत्येक पान लावून त्याचं चित्र करायचे आणि ते चित्र साइटवर चढवायचे. एखाद्याचा फोन नंबर बदलला तर सगळं पान परत लावा, परत चित्र करा, परत चढवा. सात वर्षांत अशी अकराशेच्या वर पानं त्यांनी हातानं केली.

या पानांची एक गोष्ट होती. ती मंडळात कोणालाच ठाऊक नव्हती.

पान चित्राचं, म्हणजे त्यात शोधाशोध करता येत नाही. 'पंचविशीच्या आतली, बीएस्सी, पाच फूट तीन इंच' असं विचारलं की कॉम्प्युटर उत्तर देईल, ते त्या साइटला जमतच नव्हतं. मुलाच्या आईबापांना एकेक पान उघडून वरून खालपर्यंत वाचावं लागायचं. आणि विधवा, घटस्फोटित मुलींच्या पानावर 'विशेष माहिती : पुनर्विवाह' ही ओळ भिकाभाऊ अगदी तळाला टाकायचे. इतरांच्या पानावर तिथं पत्ता असे. या मुलींच्या घरी ते मुद्दाम जास्त वेळ फोन करत. रविवारी काय करते, काय वाचते, हाताला चव कशाला आहे, सगळं विचारून लिहीत. सिन्नरच्या एका विधवा मुलीचं त्यांनी लिहिलं, 'सासऱ्यांना मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेते.' मुलाची आई ते वाचते, मनात म्हणते, पोरगी चांगली दिसते. बाप म्हणतो, बोलणं करायला हरकत नाही. आणि मग ती तळातली ओळ येते. तोवर ती पोरगी मनात थोडी बसलेली असते. दहांतले नऊ तिथून मागे फिरायचेच. पण एखादं घर थांबायचं. सात वर्षांत अशी अकरा लग्नं झाली. भिकाभाऊंना आलेल्या पत्रिका त्यांनी क्लासच्या कपाटात जपून ठेवल्या होत्या.

दोन हजार तीनपासून त्या पानांमध्ये एक पान त्यांच्या स्वतःच्या मुलीचं होतं. तृप्तीचं.

तृप्तीचं लग्न दोन हजार एकला झालं. नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं होतं आणि त्याच्या घरच्यांना ते माहीत होतं. आठ महिन्यांनी ती एक बॅग घेऊन इंदिरानगरला घरी परत आली. कोर्टाचं सगळं आटोपल्यावर तिनं बीएड केलं, शाळेत विज्ञान शिकवायला लागली. घरात त्या लग्नाचा विषय निघत नसे. तिची आई संध्याताई देवापुढे बसली की जरा जास्त वेळ बसायची, एवढंच. तृप्तीचं पान मात्र भिकाभाऊंनी जीव ओतून केलं होतं. चार वर्षांत तीन वेळा फोटो बदलला, मजकूर सुधारला. पोरीचा संसार परत मांडला जावा, ही एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि दोन हजार सात साली मंडळात सीएमएस आलं.

आणलं मंडळाच्या सचिव मंगलाबाईंच्या अमितनं. मंगलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, अमित पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. पोरगा गुणी, उगाच शहाणपणा मिरवणारा नव्हे. एका रविवारी दुपारी त्यानं ऑफिसात लॅपटॉप उघडला आणि समजावून सांगितलं. सीएमएस म्हणजे वेबसाइटचा सांगाडा तयारच असतो, आपण फक्त मजकूर भरायचा. पान बांधायला नको, चित्र करायला नको. शाळेतल्या बाईंना ईमेल लिहिता येत असेल तर त्यांना साइटही सांभाळता येईल. असे सांगाडे फुकट मिळतात, वर्डप्रेस आहे, द्रुपल आहे, पण आपल्या कामाला जूमला बरा पडेल. त्यानं नमुन्याला चाळीस मुलींची माहिती भरून आणली होती, स्वच्छ मराठी अक्षरांत.

मंडळाचे अध्यक्ष वाळूअण्णा पुढे सरकून बसले. "यात शोधता येतं का रे?"

"हो ना अण्णा. वय, शिक्षण, उंची, गाव. आणि हे बघा, विवाहाचा प्रकार. प्रथम की पुनर्विवाह."

वाळूअण्णांनी स्वतः बोट लावून 'प्रथम' निवडलं. चाळिसाच्या चौतीस झाल्या. यादी खटकन आखडली आणि सहा नावं पडद्यावरून गेली. सहाव्या ओळीत तृप्ती भिका देवरे होती. तिच्या जागी लासलगावची कोणी मुलगी वर सरकली.

"वा," वाळूअण्णा म्हणाले, "लोकांचा केवढा वेळ वाचेल."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तृप्तीची त्यांना आठवणही झाली नाही. पण भिकाभाऊंनी ते नाव जाताना पाहिलं होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला.

मंगलाबाई म्हणाल्या, "भिकाभाऊ, आमच्यापैकी यातलं तुम्हालाच कळतं. पंधरा दिवस वापरून बघा आणि गुण-दोषांचं एक टिपण लिहून द्या. तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर नाही."

बघा, कुणाच्या हातात काय येऊन पडतं ते. ज्याच्या मुलीचं नाव त्या यादीतून गळलं, त्यालाच विचारलं, ही यादी चांगली की वाईट.

पंधरा दिवस भिकाभाऊंनी ते सीएमएस क्लासमधल्या मशीनवर इमानदारीनं वापरलं. आणि खरं सांगायचं तर पठ्ठ्याच्या प्रेमात पडले. ज्या कामाला त्यांना अर्धा तास लागायचा ते दीड मिनिटात व्हायचं. साइटचा रंग बदलायचा तर एका जागी बदला, अकराशे पानं आपोआप बदलतात. पूर्वी चांदवडच्या एका मुलीचं लग्न झालं तरी तिचं पान काढायचं राहून गेलं होतं, आणि तिच्या वडिलांना सहा महिने स्थळांचे फोन येत होते. बिचाऱ्यांनी एकदा ऑफिसात येऊन हात जोडले होते. आता तो बाप स्वतः आपल्या पासवर्डनं ते पान बंद करू शकला असता. दोषही होतेच. सायबर कॅफेतल्या जुन्या मशीनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, पान उघडायला वेळ लागायचा, आणि सांगाडाच कोसळला तर तो उभा करणारं माणूस नाशिकात शोधावं लागलं असतं. जुन्या पानांची चित्रं होती, तेव्हा अकराशे जणांची माहिती परत टाइप करावी लागणार, तो एक ताप वेगळाच. पण हे सगळं निस्तरता येण्यासारखं होतं. निस्तरता न येणारी गोष्ट एकच होती आणि ती टिपणात लिहिता येत नव्हती. काय लिहिणार? माझी वेबसाइट लंगडी आहे, आणि तिच्या लंगडेपणावर अकरा पोरींचे संसार उभे राहिले? लोक म्हणणार, भिकाभाऊ, सरळ सांगा की तुमची पोरगी त्यात आहे.

शेवटी त्यांनी टिपण टाइप केलं. गुण थोडक्यात, दोष सविस्तर. आणि शेवटचा दोष असा, 'सदर प्रणाली मराठी माहितीच्या कामास योग्य नाही, सबब सध्याची वेबसाइट चालू ठेवावी.'

हे धादांत खोटं होतं. अठ्ठावीस वर्षांत या माणसानं विद्यार्थ्याच्या पेपरातली एक चूक कधी पोटात घातली नव्हती. पोरं बाहेर त्यांना खडूस म्हणायची. आणि आता हा माणूस स्वतः खोटं टाइप करून, त्याची प्रिंट काढून, घडी घालून घरी घेऊन आला. मुलीसाठी माणूस काय काय करतो.

टिपण त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. तृप्ती तिथंच वह्या तपासत बसली होती. ते परत आले तेव्हा कागद तिच्या हातात होता.

"पप्पा, परवा तर तुम्हीच मला सांगत होतात, मराठी काय छान दिसतं म्हणून."

"जुन्या मशीनवर नाही दिसत."

"मग तसं लिहा ना. योग्य नाही असं का लिहिलंत?"

भिकाभाऊ टॉवेलनं हात पुसतच राहिले. संध्याताईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि ताटं वाढायचं लांबवलं. तृप्तीनं तपासायचा लाल पेन खाली ठेवला. शाळेत सातवीच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई ती, तिच्यासमोर गप्प बसून कोण सुटणार? हळूहळू सगळं बाहेर आलं. चित्राची पानं, तळातली ओळ, अकरा पत्रिका, आणि त्या रविवारी पडद्यावरून गेलेली सहा नावं.

"सहांत मी होते?"

"होतीस."

तृप्ती उठली आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन तिनं मंडळाची साइट उघडली. तुम्हाला खोटं वाटेल, पण चार वर्षांत तिनं स्वतःचं पान एकदाही पाहिलं नव्हतं. पप्पांनी फोटो मागितला की द्यायची, बाकी विचारायची नाही. आता तिनं ते सावकाश वाचलं. 'मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, आवाज गोड, भरतकामाची आवड.' खाली, खूप खाली, ती ओळ.

"भरतकाम?" ती म्हणाली. "मी आठवीत एक रुमाल केला होता."

"तो अजून आहे कपाटात," भिकाभाऊ दारातून म्हणाले.

तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. ती म्हणाली, "पप्पा, या पानावर वर जी मुलगी आहे ना, तिला मी ओळखत नाही. माझ्या आयुष्यात जे घडलं ते तुम्ही पायथ्याला ठेवलंत. मला तर वाटतं, मी जे काही धड केलंय ते तेवढंच. त्या घरातून निघून आले ते."

"लोक वरच वाचून पुढे जातात गं. मला भीती वाटते."

"जाऊ द्या ना. जे खाली येऊन दचकतात त्यांच्या घरी मला काय म्हणून पाठवायचंय तुम्हाला?"

तोंडात कोणीतरी मारावी तसे भिकाभाऊ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांनी टिपण नव्यानं टाइप केलं. गुण पूर्ण लिहिले, दोष होते तेवढेच लिहिले, आणि सीएमएस घ्यावं अशी शिफारस केली. खाली दोन गोष्टी घातल्या. एक, आजवर पुनर्विवाहाची ओळ मी जाणूनबुजून तळाला ठेवत होतो, अध्यक्षांना आक्षेप असल्यास मी जबाबदार आहे. दोन, यापुढे माहितीचा फॉर्म मुलाने वा मुलीने स्वतः भरावा. आईवडिलांनी नव्हे, आणि माझ्यासारख्यानं तर मुळीच नव्हे.

पुढच्या रविवारी मंगलाबाईंनी टिपण मोठ्यानं वाचून दाखवलं. वाळूअण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे लोकांना फसवलंत की भाऊ तुम्ही."

"ओळ होती अण्णा. कुणाची वाचायची राहिली नाही. उशिरा वाचली एवढंच."

"पण मुद्दाम ना?"

"मुद्दाम," भिकाभाऊ म्हणाले.

मंगलाबाईंनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी मुलाला विचारलं, "अमित, तो विवाहाचा प्रकार सुरुवातीला निवडायलाच लागतो का? कोणी काही निवडलं नाही तर?"

"तर सगळी नावं दिसतात."

"मग सुरुवातीला सगळी दिसू देत. ज्याला गाळायची असतील त्यानं आपल्या हातानं गाळावीत."

वाळूअण्णा थोडं कुरकुरले, पण मंगलाबाईंचं त्यांनी आजवर कधी मोडलं नव्हतं. ठराव झाला. भिकाभाऊंना मंडळानं प्रशासक केलं. म्हणजे कोणी फॉर्म भरला की तो आधी त्यांच्याकडे येणार, ते तपासणार, मग साइटवर चढणार. त्यांना वाटेल ते बदलायची मुभा होती. अमितनं तसं बटणच दिलं होतं.

दोन महिने जुनी माहिती टाइप करण्यात गेले. क्लासच्या जुन्या विद्यार्थिनींनी हात लावला. पुनर्विवाहवाल्या मुलींना भिकाभाऊंनी स्वतः फोन केले की, बाई, आता तुझं तू लिही. काही घाबरल्या. सरुबाई नावाच्या नांदगावच्या एका आईनं तर फोनवरच सुनावलं, "भाऊ, तुम्हीच ल्ह्या. आमची पोरगी लय खरं बोलती, तिला नका ल्ह्यायला लावू." भिकाभाऊ म्हणाले, "माझी पण तसलीच हाये."

तृप्तीचा फॉर्म सगळ्यात शेवटी आला. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. ती शेजारच्या खोलीत आईबरोबर चकल्या पाडत होती आणि भिकाभाऊ घरच्या कॉम्प्युटरवर आलेले फॉर्म बघत होते. यादीत मुलीचं नाव दिसलं. मग त्यांनी ते उघडलं.

वय सत्तावीस. शिक्षण बीएस्सी, बीएड. विवाहाचा प्रकार, पुनर्विवाह. आवडीनिवडीत भरतकाम नव्हतं, 'गाडी चालवणे, मुलांबरोबर प्रयोग करणे, भांडणे' असं होतं. स्वतःविषयीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माझं पहिलं लग्न आठ महिने टिकलं. परत यायचा निर्णय माझा. तो मला अजून बरोबर वाटतो. याविषयी काही विचारायचं असेल तर मला विचारा, आईवडिलांना विचारू नका.'

खाली 'अपेक्षा' असा रकाना होता. जुन्या पानावर तिथं भिकाभाऊंनी 'अनुरूप, निर्व्यसनी' असं लिहिलेलं होतं. तृप्तीनं लिहिलं होतं,

'मी परत आले त्या दिवशी वडिलांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. क्लासची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, उद्यापासून सकाळची बॅच तू घे. मला असा माणूस हवा. फक्त त्यानं माझ्याबद्दलचं काही लपवू नये. वडील चार वर्षं लपवत होते, माझ्या भल्यासाठी. त्यांना वाटायचं, खरं कळलं तर मला कोणी घरात घेणार नाही. मला ज्यानं खरं माहीत असून घरात घेतलं तो पहिला माणूस तेच आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.'

भिकाभाऊंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी संध्याताईंना हाक मारली. त्या पिठाच्या हातांनी आल्या आणि खुर्चीच्या पाठीमागे उभं राहून वाचू लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे असं लोकांनी वाचायचं? तुम्हाला बदलता येतं ना?"

"येतं."

"मग?"

"तिनं खरं लिहिलंय," भिकाभाऊ म्हणाले, आणि एक अक्षरही न बदलता त्यांनी ते साइटवर चढवलं.